तीन मुठी मीठ

१४ जानेवारी १९४५, रविवार. संक्रांत

आज तिळाच्या पुडीत मला एक बाई भेटली.

नीट लिहिते. गनीभाईंच्या दुकानातले तीळ रंगूबाईंनी परातीत ओतले आणि पुडीचा कागद चुलीत सारायला हात पुढे केला. माझी नजर त्या कागदावर गेली आणि मी "थांबा!" म्हणून अशी ओरडले की रंगूबाईंच्या हातातलं उलथनं पडलं. हे दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आत धावले.

"काय पेटलं?"

"काही नाही. कागद."

"पेटला?"

"पेटणार होता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, रंगूबाईंकडे पाहिलं, आणि परत आरशाकडे गेले. सोळा वर्षांच्या संसारात त्यांना माझ्या ओरडण्याचे प्रकार कळतात.

कागदावर छापलं होतं: 'पीठ मळत असता बोलू नये. पीठ ऐकत असते. रागावल्या बाईची पोळी फुगत नाही आणि फार हसऱ्या बाईची करपते. सबब गप्प असावे.' पान पंचवीस.

माझ्याकडे पाकशास्त्राची नऊ जुनी पुस्तकं आहेत. एक वैद्यांनी लिहिलेलं, त्यात लाडूसुद्धा औषधासारखा घ्यायचा. एकाच्या शेवटी केसाच्या तेलाच्या जाहिराती, आणि त्यातली बाई इतकी दुःखी की तिचे केस वाढूनही उपयोग नाही. एकात श्रीखंडाच्या पानावर कुणाच्या तरी बाळाच्या पिवळ्या बोटांचे ठसे आहेत; ते बाळ आता आजोबा झालं असेल. मला स्वतःला स्वयंपाक बेताचा येतो. शाळा आणि वह्या यांतून वेळ कुठला? म्हणून तर रंगूबाई येतात. पण लोक कादंबऱ्या वाचतात तशी मी कोशिंबिरी वाचते. हे म्हणतात, "तुला वाचूनच ढेकर येतो. आम्हा गरिबांना मात्र जेवावं लागतं."

नऊ पुस्तकांत अशी बाई एक नाही. पीठ ऐकतं म्हणे! तिळगूळ वाटताना दिवसभर हसत होते. आलेल्या बायकांना वाटलं, मला काही बातमी आहे.

१५ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्याबरोबर दाळमंडईत गनीभाईंकडे. एकदम विचारायचं धाडस होईना, म्हणून आधी उगीच जिरं मागितलं.

गनीभाईंनी गल्ल्याखालून पुस्तक काढून दाखवलं. पुढचा पुठ्ठा नाही, पुढची पंचवीस-सव्वीस पानं नाहीत. मागचं सगळं शाबूत, एकशे बत्तीसपर्यंत.

"बाई, तुम्ही शुक्रवारी का नाही आलात?" ते कळवळून म्हणाले. "दोन दिवस संक्रांतीची गर्दी. लढाईमुळं कागद मिळेना, म्हणून भिंगारच्या एका बंगल्यातली रद्दी घेतली. पुढची पानं गेली की तिळात अन् गुळात."

"कुणाकुणाला दिलीत?"

"आता काय सांगू? अख्ख्या नगरनं तीळ नेले."

"आणि पहिलं पान? नाव असतं ते?"

"पहिल्या पानात मी माल बांधत नाही. त्याची एक बाजू कोरी असते. ते घरात जातं."

घरात म्हणजे मागेच. त्यांच्या बायकोला, हाजराबींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कोरा कागद या दिवसांत कोण ठेवतं बाई? गेला कुठंतरी पोरांच्या लिहिण्यात." संपलं. माझ्या बाईचं नाव कुणा पोराने होडी करून गटारात सोडलं असणार.

उरलेलं पुस्तक गनीभाईंनी मला तसंच देऊन टाकलं. घरी येईपर्यंत तीनदा रस्त्यात थांबून वाचलं. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा टांगेवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, तार आली का कुणाची?"

१८ जानेवारी

वाचतेच आहे. ही बाई कोण असेल? 'फोडणीपाशी उभे असता दाराकडे पाहू नये. जो यावयाचा तो येतो, मोहरी मात्र जळते.' 'तव्याशी भांडू नये, तो आपल्याआधी तापतो.' मध्येच 'सबब', 'तूर्त', 'येणेप्रमाणे' असे कचेरीतले शब्द. कुणा वकिलाच्या घरची असावी. शिकलेली, खट्याळ, आणि एकटी. एकटी का वाटते ते सांगता येत नाही.

मी ठरवलं आहे. गेलेली पानं गोळा करायची. आणि तिचं नाव शोधायचं.

२३ जानेवारी, मंगळवार

पान सतरा-अठरा मिळालं! शेजारच्या रतनबाईंच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली पसरलेलं. मी शालू उचलला आणि कागद घेतला. त्यांना वाटलं शालू पाहायला आले. मग पाऊण तास शालूचं कौतुक करावं लागलं.

पान पाच-सहा त्यांच्याच घरात उंदराच्या बिळात बोळा करून कोंबलेलं. उंदराने 'वांग्याचे भरीत' खाल्लं, 'दोडक्याचे भरीत' सोडलं. त्याचं बरोबर आहे.

आज पोळ्यांच्या वेळी मी रंगूबाईंपाशी बसून या गमती सांगत होते. त्या म्हणाल्या, "बाई, गप बसा जरा. पीठ ऐकतंय."

मी हसून टाळी वाजवली. जुन्या बायकांत हे बोलणं सर्रास असणार. म्हणजे माझ्या बाईने ते आसपास ऐकून लिहिलं. चांगला कान होता तिला.

४ फेब्रुवारी, रविवार

आज शिरा मी केला. पुस्तकाप्रमाणे. 'रवा एक वाटी, तूप दोन वाट्या.' दोनदा वाचलं. दोनच. अहाहा, काय तो काळ! काय ती माणसं! आपण रेशनच्या साखरेचे दाणे मोजतो, आणि तेव्हा रव्याच्या दुप्पट तूप!

घरातलं महिन्याचं तूप संपलं. शिरा ताटात वाढला तेव्हा तो थोडा वेळ चालत होता. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि फार सभ्यपणे विचारलं, "हा वाचायचा शिरा होता का?" मग संध्याकाळपर्यंत डाव्या कुशीवर झोपून राहिले.

रंगूबाई वाटी तिरपी करून बघत होत्या. "रव्याला पवायला शिकवलंत व्हय?"

"रंगूबाई, मोठ्या घरची बाई होती ती. तुम्ही-आम्ही काय असं तूप पाहिलंय!"

त्यांनी वाटी घासायला घेतली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगूबाई भाचीच्या लग्नाला मिरजगावला गेल्या, चार दिवस. संधी साधून लिंबाचं लोणचं घातलं, पान एकाहत्तर. 'लिंबे वीस अगर कैऱ्या दहा. मीठ तीन मुठी.' तीन मुठी घातल्या, चांगल्या भरून. बरणीत हात जाईना, म्हणून उलथन्याने ढकललं. माझा हात पहिल्यापासूनच मोठा. लग्नात बांगड्या भरताना कासार घामाघूम झाला होता आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "हात आहे की फावडं?" आमच्या घरात बरणीच्या तोंडातून अख्खा हात आत घालणाऱ्या एकट्या रंगूबाई. चिमणीएवढी मूठ.

९ मार्च, शुक्रवार

लोणचं उघडलं. ह्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि उठून मोरीकडे गेले. परत येऊन म्हणाले, "मुंबईला न जाता समुद्र पाहिला."

रंगूबाईंनी चाखलं. "कुनी सांगितलं एवढं मीठ?"

"पुस्तकात आहे."

"मंग ते पुस्तकच वाढा ताटात."

इतकं फटकन त्या कधी बोलत नाहीत. डोळ्यांचा त्रास वाढलाय त्यांना, त्याने चिडचिड होत असेल. मी मुद्दाम ह्यांना ऐकवलं, "मीठ चुकलं असेल माझंच. तिचं चुकणार नाही. अशी सुगरण आता होणे नाही."

आत तवा जरा जोरात आपटला. तवा पातळ झालाय आता, आवाज करतो. नवा आणायला हवा.

१७ मार्च, शनिवार

गेलेल्या तेरा कागदांतले आतापर्यंत नऊ मिळाले! आजचा सर्वांत सुंदर. झेंडीगेटजवळच्या शिंप्याकडे, सरवरी नावाच्या कुणा गिऱ्हाइकाच्या झंपरच्या गळ्याचं माप त्यावरच कापलेलं. म्हणजे 'शेवयांची खीर' गोल कापली गेली आहे आणि तिच्या मधोमध मान जाते. शिंपी म्हणाला, "माप देणार नाही." मी म्हटलं, "सरवरीचं माप मी तुम्हाला दुसऱ्या कागदावर काढून देते." शेवटी दिलं. आनंदाने मी तो कागद गळ्यात घालून पाहिला. शिंप्याने दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

घरी खळ करून पानं चिकटवत बसले. रंगूबाई भाजी निवडता निवडता आपल्या तंबूच्या जुन्या गोष्टी सांगत होत्या. तीन दगडांची चूल, वाऱ्याने कनात उडाली, कुणीतरी घोडेवाला आमटीत पडला की आमटी घोडेवाल्यावर पडली. मी हूं हूं केलं. पान तेराचा कोपरा जुळत नव्हता.

२ एप्रिल, सोमवार

शाळेत वह्यांची तपासणी. पोरींच्या वह्यांची लक्तरं झाली आहेत, पुठ्ठे मिळत नाहीत. एकटी गनीभाईंची नात हसीना, तिची वही टापटीप. वरून जाड पांढरा कागद डकवून त्यावर ठळक अक्षरात नाव. मी ती वही उंच धरून साऱ्या वर्गाला दाखवली. "बघा, इच्छा असली की कागद सापडतो."

१३ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

सणाचा दिवस आणि ही बातमी. रंगूबाई जाणार.

श्रीखंड वाढून झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या, "बाई, मच्छिंद्र आला हुता. आखितीनंतर मला मिरजगावला न्यायला येतो म्हनला. मी व्हय म्हनलं."

मच्छिंद्र त्यांचा भाचा. मी विचारलं, "डोळ्यांमुळे?"

"डोळं तर हायतच."

"आणि?"

"आनि काय? आता तुमच्याकडं ती हाय की."

"कोण ती?"

त्यांनी लाकडी पेटीकडे हनुवटी केली. तिथे माझी पुस्तकं असतात. मला हसू आलं. मी म्हटलं, "अहो, पुस्तक काय पोळ्या लाटणार आहे?" त्या हसल्या नाहीत.

अकरा वर्षं. माझ्या आजारपणात त्यांनी मला चमच्याने पेज भरवली आहे. माझी आई गेली त्या दिवशी एक शब्द न बोलता पिठलं करून समोर ठेवलं. आणि मी त्यांना राहा म्हणून आग्रहसुद्धा केला नाही. म्हटलं, म्हातारपण आहे, आपल्या माणसांत जाऊ दे. हा विचार खरा की सोयीचा, ते मला आत्ता लिहितानाही कळत नाही.

१४ एप्रिल

हे म्हणाले, "स्वयंपाकघरात सवत आणलीस, दुसरं काय?"

"पुस्तकाची सवत?"

"मामुली सवत परवडते. तिचं मीठ कधीतरी चुकतं. तुझ्या या बाईचं मीठ चुकलं तरी तू स्वतःला दोष देतेस."

मी रागावले. पोळ्या फुगल्या नसत्या, जर मी करत असते तर.

२४ एप्रिल, मंगळवार

आज काय झालं ते सगळं लिहून ठेवते.

परीक्षेच्या वह्या घरी आणल्या होत्या. हसीनाच्या वहीवर पाण्याचा पेला कलंडला. पांढरा कागद ओला झाला आणि त्यातून अक्षरं वर येऊ लागली. उलटी. आरशातल्यासारखी. मी वही घेऊन ह्यांच्या दाढीच्या आरशासमोर उभी राहिले.

पहिलं पान! कोरी बाजू वर करून डकवलेलं! तीन महिने माझ्या टेबलावर येत होतं आणि मी त्यावर लाल पेन्सिलने 'उत्तम' लिहीत होते!

वाफेवर धरून हलकेच सोडवलं.  हसीनाला नवी वही घेऊन देईन, दोन घेऊन देईन.

'मुक्कामाची पाकमाला. हे पुस्तक रा. रा. गोविंद शिवराम टिपणीस, मामलेदार, यांनी स्वानुभवाने रचिले. सन १८९६.'

मामलेदार. स्वानुभवाने.

माझ्या बाईला मिशा आहेत.

२५ एप्रिल

दिवसभर काही सुचलं नाही. ह्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी चेष्टा फक्त एकदाच केली: "बरं झालं. मला उगीच त्या बाईचा हेवा वाटत होता, आता हक्काने वाटेल."

हेच आता रंगूबाईंना सांगावं असं मनात आलं. सवत नव्हतीच, बाप्या होता. पण लाज वाटली. कुणा मामलेदारापायी मी त्यांना दुखवलं, हे कसं सांगायचं?

२८ एप्रिल, शनिवार

मी वेडी नाही! ऐका. म्हणजे, ऐक गं वही.

आज मिठाचा डबा उघडा होता. ह्यांना म्हटलं, एक मूठ मीठ काढा. त्यांनी काढलं. माझ्या मुठीच्या सव्वापट. माझ्या मुठीने लोणच्याचा समुद्र झाला. मामलेदाराच्या मुठीने तर मिठागर होईल. तो पुरुष हे लोणचं स्वतः घालून, खाऊन, पुन्हा पुस्तक लिहायला जिवंत राहिला नसता. हे माप त्याचं नाहीच. हे माप लहान हाताचं आहे. फार लहान हाताच्या कुणीतरी बाईने सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं!

हे म्हणाले, "तू कचेरीत असतीस तर आमचं कठीण होतं."

बाई आहे. माझी बाई आहे. नाव नाही, पण मूठ आहे तिची. मामलेदाराची बायको असेल. गोरी, नाजूक, बांगड्यांनी भरलेला छोटासा हात.

८ मे, मंगळवार

युरोपातली लढाई संपली म्हणे. बाजारात गनीभाई गिऱ्हाइकाला गुळाचा खडा देत होते. आणि सावेडीच्या मळ्यातून भाजी आणणाऱ्या छबूबाईंनी पाटीच्या तळाचा कागद काढून माझ्या हातात ठेवला: "ह्येच शोधताय ना तुमी? समदं गाव सांगतंय." पान अकरा-बारा. मी त्यांना मिठीच मारली. मेथीसकट.

आता दोनच कागद राहिले. आणि रंगूबाईंचे सात दिवस.

१० मे, गुरुवार

आज लोणचं घातलं.

रंगूबाई परवा म्हणाल्या होत्या, "कैरीचं घालून देते अन् मंगच जाते. वर्साचं हुईल." जाणारं माणूस वर्षाची सोय करून जातं. मग मी ठरवलं, निदान आज पुस्तकाचं नाव काढायचं नाही. पण सवय वाईट. पेटीवर पान एकाहत्तर उघडं होतं आणि शेजारी ते पहिलं पान, वाळवून इस्त्री केलेलं.

दहा कैऱ्यांच्या फोडी परातीत. रंगूबाईंनी मोहरी फेसली, हळद घातली, मिठाच्या डब्यात हात घातला. एक मूठ. दुसरी मूठ. हात झटकला.

मला राहवलं नाही. "रंगूबाई, अजून एक. पुस्तकात तीन आहेत."

"तीन?" त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. "तीन तर मी रावसायबाला सांगितल्या हुत्या."

मोहरीचा वास नाकात, हातात ते पान.

"कुठल्या रावसाहेबांना?"

"टिपनीस रावसायब. मामलेदार हुते न्हवं का! मी त्यांच्या मुक्कामाला सैपाकाला हुते, इशीत असंन तवा. तंबूच्या गोष्टी सांगते की तुमाला, तुमी ऐकताय कुठं?"

मी जमिनीवर बसले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तीन का सांगितल्या?"

"आता बगा. रावसायब संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर कागद. 'रंगू, मीठ किती? तूप किती?' मला वाटलं सरकारी कागद हाय. मुक्कामाला गावातनं रसद यायची, ती कागदावर लिवल्याबिगर येत न्हवती. म्हून मी समदं वाढवून सांगायची. राहिलेलं गड्यांना द्यायची, घोडेवाल्याला, पट्टेवाल्याला. कोरडी भाकर खायची ती मानसं, बाई. रावसायबाला काय, ताटात आल्याशी मतलब."

"तूप?"

"तुपाचं दुप्पट."

मी हसायला लागले. ह्यांची डावी कूस आठवली, तरंगणारा रवा आठवला, 'काय तो काळ, काय ती माणसं' आठवलं. बाहेरून हे आले, त्यांना सांगता येईना. मी नुसता शिरा दाखवावा तसा हात हलवत होते आणि डोळ्यांतून पाणी. रंगूबाई घाबरल्या. "मिरची लागली का वं डोळ्याला?"

मग मी ते सांगितलं. कागद सरकारात गेले नाहीत. त्यांचं पुस्तक झालं. एकोणपन्नास वर्षांपूर्वी. हे पुस्तक.

रंगूबाईंचा हळदीचा हात तसाच परातीवर धरलेला.

"बदली झाली रावसायबाची. मला कुनी सांगितलंच न्हाई," म्हणाल्या. मग जरा थांबून, "वाचा बरं थोडं."

मी पान पंचवीस वाचलं. 'पीठ मळत असता बोलू नये. पीठ ऐकत असते.'

"ह्ये बी लिवलं मुडद्यानं?" त्या इतक्या मोठ्याने हसल्या की रतनबाई भिंतीपलीकडून "काय झालं?" म्हणाल्या. "अवं, ते पीठबीठ काई नसतं. रावसायब लई बडबड करायचे, ती थांबावी म्हून मी सांगायची!"

हे दारात उभे होते. म्हणाले, "रंगूबाई, चार महिने ही तुमच्यावर लट्टू आहे. मी साक्षीला आहे."

"माझ्यावं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् मी हिकडं त्या बाईच्या नावानं रोज तवा आपटतीया!"

तवा नवा आणायची गरज नाही.

लोणचं मुरायला ठेवलं. दोन मुठी.

१५ मे, मंगळवार

काल अक्षयतृतीया झाली. आज मच्छिंद्र बैलगाडी घेऊन आला, आत्याची ट्रंक ठेवायला गाडीत गवत पसरून.

रंगूबाई ओट्यावर बसल्या होत्या. "माघारी जा," म्हणाल्या.

"आं? आत्या, आखितीनंतर यायचं ठरलं हुतं."

"ठरलं हुतं. आता काम निगालंय. एकशे बत्तीस पानं तपासायची हायती. कुठं कुठं काय खोटं सांगितलंय ते माझं मलाच ठावं. लोकांनी बिघडवून खाल्लं तर पाप कुनाला?"

मच्छिंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी लाल पेन्सिल दाखवली. त्याला काय समजलं कोण जाणे; जेवून, दोन्ही बैलांना पाणी दाखवून गेला. गाडीतल्या गवताकडे रंगूबाई बराच वेळ बघत होत्या. मी विचारलं, "जायला हवं होतं का?" तर म्हणाल्या, "गवत चांगलं हाय. वाया गेलं."

दुपारी पहिलं पान काढलं. टिपणिसांच्या नावाखाली लिहायचं होतं: सांगणार, रंगूबाई. आणि पेन्सिल थांबली. अकरा वर्षांत त्यांचं आडनाव मी विचारलं नव्हतं. सवतीचं नाव शोधायला सारं नगर पालथं घातलं होतं.

"रंगूबाई, आडनाव काय तुमचं?"

"कशाला?"

"इथे लिहायला."

त्यांनी माझा हात धरला. "नगं बाई. नाव नगा लिवू. सरकारला कळलं तर पन्नास वर्सांचं तूप मागतील."

आडनाव त्यांनी शेवटी सांगितलं, कानात. इथेही लिहीत नाही. शब्द दिला आहे.

२० मे, रविवार

पानं सत्तावीस ते चव्वेचाळीस झाली. मी वाचते, त्या डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच बोट वर करतात. तूप अकरा ठिकाणी निम्मं केलं. गूळ चार ठिकाणी. वेलदोडे एका ठिकाणी अजिबात काढून टाकले. "तवा घोडेवाल्याच्या लेकीचं लगीन हुतं," म्हणाल्या. हे रविवारची झोप सोडून शेजारी बसले होते. म्हणाले, हा दप्तरातल्या खोट्या नोंदींचा खटला आहे, आणि इतका चांगला खटला त्यांनी म्युनिसिपालटीच्या नोकरीत पाहिला नाही.

पान बेचाळीसवर तांदळाची पातळ खीर. मी पेन्सिल टेकवून थांबले. "तांदूळ एक मूठ, दूध चार वाट्या, साखर नखभर." बोट वर आलं नाही.

"रंगूबाई, झोपलात?"

"न्हाई."

"मग किती कमी करू?"

"काई कमी करू नगा. ते खरं सांगितलं हुतं."

"का?"

"रावसायबाची आई आजारी हुती मुक्कामात. आजाऱ्याच्या जेवनात खोटं सांगत न्हाईत, बाई."

तिथे मी लाल पेन्सिल कागदावरून उचलून घेतली. पान बेचाळीस जसंच्या तसं आहे.